गुरुवारची हाळी

पद्मजा सबनीस यांचा आवाज मिरजेच्या मुलींच्या हायस्कूलच्या मैदानावर एका टोकाला सुटला की दुसऱ्या टोकाला चिंचेखाली डबा खाणाऱ्या मुली तोंडातला घास तसाच ठेवून उभ्या राहायच्या. शाळेत माइक होता, पण बाईंनी तो कधी हातात धरला नाही. संचलनाच्या दिवशी मुख्याध्यापक त्या माइकमधून काहीतरी पुटपुटत, ते कोणालाच कळत नसे. मग बाई नुसत्या हवेत म्हणत, "सावधान!", आणि अख्खं मैदान ताठ होई. पीटीच्या शिक्षिकेला आपल्याकडे कोणी शिक्षिका मानत नाही. सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई येतात आणि पीटीचा तास हक्काने पळवून नेतात. सबनीसबाईंचा तास पळवायची हिंमत मात्र त्या शाळेत कोणाची झाली नाही.

अशा बाईला आइंडहोवनमध्ये आणून ठेवणं म्हणजे ढोल कपाटात कोंबून ठेवण्यातला प्रकार झाला. त्यांचे यजमान सुदर्शन चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामावर आहेत. तिथे धुळीच्या कणालाही आत जायला परवानगी लागते, त्यामुळे माणसंही पावलं न वाजवता चालतात. सुदर्शनरावांना हा देश पहिल्या दिवसापासून मानवला. पद्मजाबाईंचं तसं झालं नाही. पहिल्याच महिन्यात त्या मिरजेला आईशी फोनवर बोलत होत्या, आनंदाने, लोणच्याविषयी. आणि खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन फार अदबीने विचारून गेली, की घरात सगळं ठीक आहे ना, कोणाला बोलवायला हवं आहे का? त्या दिवसापासून बाई घरात कुजबुजायला लागल्या. मराठी मंडळात लेझीम बसवायला गेल्या तर तिथली आपलीच मुलं म्हणाली, "काकू, जरा हळू हं, हॉल भाड्याचा आहे."

बाई काही रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सायकल शिकल्या, डच शिकल्या, लेक ईशानीचं शाळेचं सगळं निभावलं. पण खरं सांगायचं तर आतून त्या उपाशी होत्या. त्यांना पगाराची आठवण येत नसे, स्टाफरूमच्या चहाची तर नाहीच नाही. आठवण यायची ती आपल्या एका शब्दासरशी चाळीस वेण्या एकदम उजवीकडे वळण्याची. आपल्याला काय येतं हे या देशात एकाही माणसाला ठाऊक नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे, आणि ते वाटणं त्या सुदर्शनरावांनासुद्धा सांगत नसत.

ईशानी शिकायला डेल्फ्टला गेली आणि संध्याकाळी रिकाम्या झाल्या. गुडघा कुरकुरायला लागला म्हणून बाई हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे गेल्या. त्याने इथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं आणि वर म्हणाला, "थोडी हालचाल ठेवा." ज्या बाईने वीस वर्षं सबंध शाळेला हालवलं तिला हा सल्ला! बाई तिरीमिरीत बाहेर पडल्या आणि रस्त्यातल्या बुर्टहाउसात शिरल्या. बुर्टहाउस म्हणजे वस्तीचं समाजमंदिर. तिथे भिंतीवर कागद होता: दर गुरुवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरातले नाच, जोडीदार आणायची गरज नाही, येत असलं पाहिजे असं नाही.

गुरुवारी त्या गेल्या. एक फिडल, एक बॅन्जो, वाजवणारे दोघेही निवृत्त डच गृहस्थ. मध्ये लोक जोड्याजोड्यांनी गोल धरून उभे. दोन बायकांची जोडी, आजोबा-नातीची जोडी, कोणाचंही कोणाशी जमतं. आणि एका लाकडी फळीवर खेरिट नावाचा उंच, वाकलेला म्हातारा. तो गाण्यासारखं, बोलण्यासारखं, दोन्हींच्या मधलं काहीतरी म्हणायचा: "सर्कल लेफ्ट" म्हणजे हात धरून सगळे डावीकडे, "स्विंग" म्हणजे जोडीदाराबरोबर गरगर, "होम" म्हणजे गेलात असाल तिथून आपापल्या जोडीदाराकडे, आपापल्या जागी. त्याने हाळी द्यावी आणि सबंध हॉल त्या शब्दावर फिरावा! पद्मजाबाई त्या दिवशी नाचल्या, घामाघूम झाल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. पण त्यांचा जीव नाचात नव्हताच. तो त्या फळीवर अडकला होता.

दोन वर्षं त्या न चुकता गेल्या. मग खेरिटच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, बोलणंही राहिलं, पण हाळी गेली. आता फळीवर कोण? नाचमंडळाच्या सेक्रेटरीने विचारलं तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. डच माणूस तोंडावर सत्य बोलायला कचरत नाही, पण चारचौघांत उंच जागी उभं राहायचं म्हटलं की लाजतो. पद्मजाबाईंनी हात वर केला.

आणि पहिल्याच गुरुवारी त्यांनी सगळ्याचा पार विचका केला.

झालं असं, की कवायतीत हुकमाचे दोन तुकडे असतात. पहिला लांबवायचा, "दाहिनेऽऽ", म्हणजे मुलींना कळतं काय येतंय, आणि मग सगळ्यांनी श्वास रोखला की दुसरा चाबकासारखा, "मुड!" बाईंनी तशाच हाळ्या दिल्या. "सर्कलऽऽ", लोक थांबले. "लेफ्ट!", लोक हलले. पण फिडल थोडंच थांबतं? नाचात हाळी तालाच्या आधी संपावी लागते, म्हणजे पाय तालावर पडतात. बाईंची हाळी तालावर संपायची, पाय मागाहून पडायचे, तोवर सूर पुढे गेलेला. दुसऱ्याच फेरीत अर्धा हॉल डावीकडे आणि अर्धा उजवीकडे निघाला. मग बाईंच्या अंगातल्या वीस वर्षांच्या पीटीने उसळी मारली. त्यांनी टाळ्या वाजवून वाद्यं बंद करवली. फळीवरून उतरल्या. चुकत कोण होतं ते त्यांनी अचूक हेरलं होतं, मराइके नावाच्या सत्तरीच्या बाईंना त्यांनी दंडाला धरून गोलातून बाहेर काढलं, भिंतीशी उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही आधी इथे एकट्याने चार वेळा करा, मग आत या."

मिरजेत याचं कोणाला काही वाटलं नसतं. मुलगी जीभ चावून चार वेळा करते आणि आत येते. मराइकेने एकदाही केलं नाही. तिने खुंटीवरचा कोट काढला, बटणं लावली आणि घरी गेली. मागाहून वाद्यं पुन्हा सुरू झाली, पण कोणाचं मन लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने सरळ फोनच केला. "पद्मजा, काल छान नव्हतं," ती म्हणाली. "काही लोक म्हणतात, रेकॉर्ड केलेल्या हाळ्या मिळतात, त्या लावाव्यात. पण खेरिट म्हणतो तुला अजून एक संधी द्यायची. नोव्हेंबरात आपली खुली संध्याकाळ आहे, बाहेरचे लोक येतात. ती तू कर. जमलं तर फळी तुझी. नाही जमलं तर रेकॉर्डिंग."

सुदर्शनराव म्हणाले, "सोड ना. कशाला डोक्याला ताप? छंदच आहे."

"अहो, छंद तुमचा. तुम्ही टोमॅटो लावता तो छंद," बाई म्हणाल्या. "मला येतं हे. मला येतं आणि मी ते घाण केलं, हे मला सहन होत नाहीये."

सुदर्शनराव टोमॅटोंना पाणी घालायला गेले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला एवढं कळतंच.

बाईंनी पहिलं काम आपल्या पद्धतीने केलं. खोबऱ्याच्या वड्यांचा डबा भरला, सायकल काढली आणि न कळवता मराइकेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मराइकेने दार वीतभर उघडलं. "आज आपलं काही ठरलं होतं का?" तिने विचारलं. न ठरवता कोणाच्या दारात जाणं म्हणजे इथे अपघात झाल्याची बातमी देण्यासारखं. "नाही ठरलं," बाई म्हणाल्या, "पण माझं चुकलं ते सांगायला आले. चूक काही वेळ ठरवून झाली नव्हती." मराइकेने दार पूर्ण उघडलं.

आत बसल्यावर तिने आडपडदा ठेवला नाही. "मी जन्मभर पोस्टात काम केलं. लहानपणानंतर मला कोणी भिंतीशी उभं केलं नव्हतं. तू केलंस. आणि माझी पावलं चुकतात ते मला माहीत आहे, मी तिथे पावलं शिकायला येतच नाही."

"मग?"

"माझा नवरा गेला, त्यानंतर मला कोणी हात लावत नाही. डॉक्टर लावतो, तो हातमोजे घालून. गुरुवारी तासाभरात अख्ख्या हॉलचे हात माझ्या हातांतून जातात. तेवढ्यासाठी मी येते. त्यातून तू मला बाहेर काढलंस."

मैदानावर पद्मजाबाईंनी आयुष्यभर रांगा पाहिल्या होत्या. रांग सरळ आहे का, वळण एकदम आहे का. त्या रांगेत हात धरून उभं राहणाऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्या "माफ करा" म्हणाल्या, डचमध्ये, आणि तो शब्द त्यांना फार तोकडा वाटला.

"ऐकलं," मराइके म्हणाली. "नोव्हेंबरात मी येईन. नाचेनच असं नाही. बघेन." वड्यांचा डबा मात्र तिने ठेवून घेतला.

मग बाईंनी खेरिटला धरलं. आठवड्यातून दोनदा त्या त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा गुरू असा मिळाला होता ज्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागे. तरुणपणी खेरिट शेतीकाम शिकायला म्हणून वर्षभर अमेरिकेत ओहायोमधल्या एका गोठ्यावर राहिला होता. शेजारी सगळी आमिश वस्ती. घोडागाडीतून फिरणारे, वीज घरात न घेणारे, काळ्या टोप्यांचे लोक. ते नाचबिच करत नसत. शनिवारी खेरिट नदीपलीकडे डोंगरात जायचा, तिथे एका जुन्या शाळेत खाणकामगार नाचायचे आणि त्यांच्यातलाच एक जण हाळ्या द्यायचा. खेरिट नाच शिकला तो तिथे. पण हाळी देणं म्हणजे काय ते त्याला त्या न नाचणाऱ्यांकडे बघून कळलं, असं तो म्हणे.

"शेजाऱ्याचं कोठार जळालं," खेरिट घसा सांभाळत सांगायचा. "सकाळी शेकडो आमिश पुरुष आले. संध्याकाळपर्यंत नवं कोठार उभं. मुख्य सुतार म्हातारा होता, फार बोलत नव्हता. मी दिवसभर त्याच्याकडेच बघत होतो. लोक एक तुळई उचलत असायचे तेव्हा तो तिच्याकडे बघतही नसे. तो पुढच्या तुळईचं सांगत असायचा. आत्ताची त्यांच्या हातात आहे ना, मग ती त्यांची. तुझं काम पुढची."

"आणि कोणी चुकलं तर?"

"काम थांबायचं नाही. चुकलेल्याला शेजारचा धरायचा. वाद्य थांबलं की माणसाला आपण चुकलो ते कळतं, पद्मजा. चालू राहिलं तर त्याला वाटतं, आपण फिरत होतो."

हे बाईंना पटायला वेळ लागला, कारण शिस्तीचं म्हणून काही असतं. पण पटल्यावर त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. कणीक मळताना, सायकलवर, सुपरमार्केटच्या रांगेत त्या मनात सूर धरून एक पाऊल पुढचं बोलायचा सराव करत. घरात सुदर्शनरावांच्या हातात झाडू देऊन त्यांना जोडीदारासकट दिवाणखान्यात फिरवलं. चौथ्या फेरीला ते एकदम थबकले. "म्हणजे सिग्नल आधी सोडायचा, समोरच्याला लागणारा वेळ धरून! अगं, आम्ही दिवसभर हेच करतो. आधी सांगितलं असतंस तर!" त्यानंतर झाडू घेऊन ते स्वतःहून उभे राहू लागले.

नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी बुर्टहाउस गच्च भरलं. नेहमीचे लोक थोडे, नवखेच जास्त. आइंडहोवनचे विद्यार्थी, कोणाचे शेजारी, एक अख्खं कुटुंब आजीसकट. सुदर्शनरावही नाचायला आले होते, झाडूशिवाय. ईशानी डेल्फ्टहून आली होती, आईला बघून म्हणाली, "आई, रिलॅक्स. यू लुक लाइक फिफ्टीन्थ ऑगस्ट." सेक्रेटरीने रेकॉर्ड केलेल्या हाळ्यांसाठी फळीजवळ एक छोटा स्पीकर आणून ठेवला होता. "सोयीसाठी," ती म्हणाली. बाईंनी त्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. मराइके आली होती, भिंतीशी खुर्चीवर बसली होती, कोटाची सगळी बटणं लावलेली.

पहिला नाच सोपा होता, तो सरळ पार पडला. दुसऱ्यात बाईंना ताल सापडला. शब्द आधी निघत होता, पाय बरोबर तालावर पडत होते, आणि पडणाऱ्या पायांकडे न बघता बाई पुढचं सांगत होत्या. लोक हसायला लागले, गाल लाल झाले, कोट खुर्च्यांवर पडले. बाईंना वाटलं, जमलं. आणि असं वाटायची खोटी, शेवटच्या मोठ्या गोलात सगळं फिसकटलं.

त्या नाचात जोडीदार बदलत पुढे जायचं असतं. कुठल्याशा नवख्या पोराने एक माणूस गाळला, पुढच्याने दोन. बघता बघता सुदर्शनरावांच्या दोन्ही हातांना दोन बायका आणि त्यांच्या पलीकडे एक उंच विद्यार्थी हात पसरून एकटाच, जत्रेत हरवल्यासारखा. कोणी थांबलं, कोणी उलटं फिरलं, आजी मध्येच उभ्या राहिल्या. बाईंचा हात आपोआप गळ्याकडे गेला, शिट्टी शोधायला. शिट्टी नव्हती. "थांबा!" जिभेच्या टोकावर आलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं, सेक्रेटरी स्पीकरकडे सरकत होती.

बाईंनी जीभ दाताखाली धरली. फिडलचा फेरा संपायला आला होता. त्या फेऱ्याच्या अगदी आधी त्यांनी हाळी दिली, "सर्कल लेफ्ट!" जो हात मिळेल तो धरा आणि डावीकडे निघा. मोठ्या गोलात कोणी चुकूच शकत नाही. दोन्ही बाजूंना कोणी ना कोणी असतंच. विद्यार्थ्याने आजींचा हात धरला, आजींनी नातवाचा, सुदर्शनरावांनी दोन्हीकडचे तसेच ठेवले. तालावर पाय पडला आणि सगळा हॉल एकत्र डावीकडे सरकला. वाद्यं क्षणभरही थांबली नव्हती. नवख्यांना तर वाटलं नाच असाच आहे. सेक्रेटरीने हात मागे घेतला आणि टाळ्यांचा ठेका धरला.

पुढच्या फेऱ्यांच्या हाळ्या बाईंनी कशा दिल्या त्यांनाच ठाऊक नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की लोकांना आता कळलंय. शब्द यायच्या आत पाय वळताहेत. बाईंनी एक हाळी मुद्दाम गाळली. काही बिघडलं नाही. दुसरी गाळली. हॉल फिरत राहिला. बाई फळीवर गप्प उभ्या होत्या, कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि त्यांच्या छातीत मावत नव्हतं इतकं सुख झालं. मिरजेच्या मैदानावर सगळे डोळे त्यांच्यावर असायचे, तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं.

कोणीतरी त्यांच्या बाहीला ओढलं. खाली मराइके उभी होती. कोट खुर्चीवर टाकलेला.

"तुला आता काही बोलायचं आहे का?" तिने विचारलं.

"आत्ता नाही."

"मग ये."

बाई फळीवरून उतरल्या. गोल चालता चालता उघडला आणि दोघी आत शिरल्या. मराइकेचा हात कोरडा होता, हलका होता, आणि तिने तो घट्ट धरला होता. दोन फेरे नीट गेले. तिसऱ्याला सगळे डावीकडे वळले आणि मराइके ठामपणे उजवीकडे वळली. बाईंना ते वळायच्या आधीच दिसलं. एका हिसक्यात त्यांनी तिला सरळ केलं असतं. त्या तिच्याबरोबर उजवीकडे वळल्या. समोरून येणाऱ्या विद्यार्थ्यावर दोघी आदळल्या, तिघेही हसत सुटले, आणि त्या धांदलीतच बाईंना ऐकू आलं की फिडल शेवटच्या फेऱ्यावर आलंय. फळी मागेच राहिली होती.

त्यांनी मान वर केली, पोटापासून श्वास घेतला आणि गोलाच्या मधूनच हाळी दिली, "होऽऽम!" खिडक्यांची तावदानं वाजली म्हणतात. हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेलेले सुदर्शनराव आपल्या जागी परत आले, विद्यार्थी परतले, आजी नातवाकडे गेल्या. फिडलचा शेवटचा सूर पडला तेव्हा एकूण एक माणूस आपापल्या जागी होता. खेरिट कोपऱ्यातून काहीतरी म्हणत होता. ते ऐकू आलं नाही, पण तो फळीकडे बोट दाखवत होता आणि मग बाईंकडे. सेक्रेटरीने स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली होती.

टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. पद्मजाबाई तशाच उभ्या होत्या, डोळे भरलेले, मराइकेचा हात हातात.

"पद्मजा," मराइके म्हणाली, "आता सोड. मला टाळ्या वाजवायच्या आहेत."